गोळीवर न लिहिलेला धातू: औषधं बनवताना पॅलेडियमची जागा लोखंड, निकेल, कोबाल्ट घेऊ शकतील का?

रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी उलटी करून पाहिली, तर मागे औषधाचं नाव, मात्रा, बॅच क्रमांक, मुदत आणि किंमत दिसते. ते औषध कारखान्यात तयार होताना कोणत्या धातूची मदत घेतली, हे मात्र तिथे लिहिलेलं नसतं. तशी गरजही नसते, कारण तो धातू औषधाचा घटक नसतो. काम झालं की त्याला बाजूला काढलं जातं.

पण पडद्यामागचा हा धातू आता औषध उद्योगासाठी चिंतेचा विषय बनला आहे. आजची अनेक औषधं तयार करताना पॅलेडियम, ऱ्होडियम, प्लॅटिनम, इरिडियम यांसारखे दुर्मीळ धातू लागतात. ते मोजक्याच देशांत मिळतात, त्यांच्या किमती सतत वर-खाली होतात आणि ते मिळवण्यासाठी प्रचंड प्रमाणात खडक फोडावा लागतो. म्हणून जगभरातले रसायनशास्त्रज्ञ एक प्रश्न विचारत आहेत: हेच काम लोखंड, निकेल, कोबाल्ट, तांबं किंवा मँगनीज असे मुबलक धातू करू शकतील का?

उत्तर 'हो' असं आहे. पण त्या 'हो'ला बरेच 'पण' जोडलेले आहेत.

उत्प्रेरक म्हणजे नेमकं काय?

लग्न जुळवणारा मध्यस्थ आठवा. तो दोन्ही घरांना ओळखतो, मुला-मुलीची गाठ घालून देतो, लग्न लागलं की पुढच्या स्थळाकडे वळतो. संसारात त्याचा सहभाग नसतो, पण तो नसता तर कदाचित गाठच पडली नसती. रसायनशास्त्रात उत्प्रेरक हेच काम करतो. दोन रेणूंना जवळ आणतो, त्यांच्यातली अभिक्रिया सोपी करतो आणि स्वतः मोकळा होऊन पुढच्या जोडीकडे जातो.

त्यामुळे उत्प्रेरक फार थोडा लागतो. धातूचा एक अणू शेकडो किंवा हजारो रेणू जोडू शकतो. शिवाय अभिक्रिया कमी तापमानाला होते, नको असलेले पदार्थ कमी तयार होतात आणि कचराही घटतो.

औषधांच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं ठरतं. औषधाचा रेणू एका फटक्यात तयार होत नाही. छोटे तुकडे एकामागून एक जोडत तो उभा करावा लागतो. प्रत्येक पायरीवर थोडा माल वाया जातो, द्रावक खर्च होतो, शुद्धीकरण करावं लागतं. रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये रसायन उद्योगातल्या कचऱ्याचा हिशेब मांडला होता. त्यानुसार पेट्रोलियम शुद्धीकरणात एक किलो मालामागे ०.१ किलोपेक्षाही कमी कचरा निघतो. औषधनिर्मितीत मात्र एक किलो मालामागे २५ ते १०० किलो किंवा त्याहूनही जास्त कचरा निघतो. चांगला उत्प्रेरक सापडला तर त्यातली एखादी पायरीच गाळता येते.

पॅलेडियम इतकं लाडकं का?

बहुतेक औषधांचा सांगाडा कार्बनच्या अणूंचा असतो. पण कार्बनचे दोन तुकडे हव्या त्या ठिकाणी, हव्या त्या पद्धतीने जोडणं सोपं नसतं. पॅलेडियम ते काम अत्यंत शिस्तीत करतं. आधी एका तुकड्याला धरतं, मग दुसऱ्याला धरतं, दोघांना शेजारी आणून जोडतं आणि सोडून देतं.

या शोधासाठी रिचर्ड हेक, ए-इची नेगिशी आणि अकिरा सुझुकी यांना २०१० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातली 'सुझुकी अभिक्रिया' आज औषध उद्योगाच्या रोजच्या वापरातली आहे. रक्तदाबावरच्या लोसार्टनच्या रेणूत दोन कार्बनी कडी एकमेकींना जोडलेली असतात. ही जोडणी पॅलेडियम वापरून सुझुकी अभिक्रियेने करण्याची पद्धत १९९० च्या दशकातच विकसित झाली होती.

ऱ्होडियमची गोष्टही अशीच आहे. पार्किन्सनच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या एल-डोपा या औषधाचे 'डावा' आणि 'उजवा' असे दोन प्रकार असतात. डाव्या आणि उजव्या हातासारखे ते एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात, पण औषध म्हणून त्यातला एकच उपयोगी. विल्यम नोल्स यांनी मोन्सँटो कंपनीत ऱ्होडियमचा उत्प्रेरक वापरून हवा तोच प्रकार बनवण्याची पद्धत शोधली. २००१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

थोडक्यात, या महागड्या धातूंनी औषधशास्त्राला खूप काही दिलं आहे. म्हणूनच त्यांची जागा घेणं अवघड आहे.

मग अडचण काय आहे?

पहिली अडचण दुर्मिळतेची. पृथ्वीच्या कवचातला सरासरी एक टन खडक घेतला, तर त्यात साधारण ५० किलो लोखंड, जवळपास १ किलो मँगनीज, ८० ग्रॅमच्या आसपास निकेल, ६० ग्रॅम तांबं आणि २५ ग्रॅम कोबाल्ट असतं. त्याच एक टनात पॅलेडियम असतं सुमारे १५ मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही. ऱ्होडियम आणि इरिडियम तर साधारण एक-एक मिलिग्रॅम.

दुसरी अडचण भूगोलाची. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या पॅलेडियमपैकी सुमारे तीन-चतुर्थांश दोनच देशांतून येतं: रशिया आणि दक्षिण आफ्रिका. आणि या पॅलेडियमचा बहुतांश भाग औषधांसाठी नव्हे, तर पेट्रोल गाड्यांच्या धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी वापरला जातो. त्यामुळे वाहन उद्योगात काही घडलं किंवा युद्ध पेटलं, की त्याचा चटका औषध कंपन्यांनाही बसतो.

मार्च २०२२ मध्ये हेच झालं. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर पॅलेडियमचा भाव एका औंसाला, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमला, ३,४०० डॉलरच्या वर गेला. दोन वर्षांनी तोच भाव हजार डॉलरच्या आसपास आला. ऱ्होडियमने तर २०२१ मध्ये औंसाला २९,००० डॉलरच्या आसपास मजल मारली होती. ज्या कारखान्याला पुढच्या पाच वर्षांचा हिशेब मांडायचा आहे, त्याने अशा धातूवर भरवसा कसा ठेवायचा?

तिसरी अडचण पर्यावरणाची. धातू मिळवण्याचा पर्यावरणीय खर्च मोजणारा एक मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार एक किलो निकेल तयार करताना साधारण ६.५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं. एक किलो पॅलेडियमसाठी हाच आकडा जवळपास ३,९०० किलो आहे, तर ऱ्होडियमसाठी ३५,००० किलोच्या आसपास.

गोळीत हे धातू राहतात का? घाबरायचं का?

'गोळीत धातू असतो' एवढंच वाक्य उचलून कुणी व्हॉट्सॲपवर फिरवलं, तर लोक घाबरतील. म्हणून हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा.

उत्प्रेरक काढून टाकल्यावरही त्याचे सूक्ष्म अंश मागे राहू शकतात. त्यावर मर्यादा घालणारी 'आयसीएच क्यू३डी' नावाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत. तोंडाने घ्यायच्या औषधातून एका दिवसात पोटात जाऊ शकणाऱ्या पॅलेडियमची मर्यादा त्यांनी १०० मायक्रोग्रॅम ठरवली आहे. म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग. या मर्यादेत राहण्यासाठी कंपन्यांना शुद्धीकरणाच्या वेगळ्या पायऱ्या कराव्या लागतात, धातू शोषून घेणारे खास पदार्थ वापरावे लागतात आणि तपासण्या कराव्या लागतात.

म्हणजे धोका टाळण्याची व्यवस्था आहे. ती खर्चिक आहे, एवढंच. या कारणासाठी कुणी आपली रक्तदाबाची किंवा फिट्सची गोळी बंद करण्याची काहीच गरज नाही. गोळी अचानक बंद करण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा असतो.

मुबलक धातूंच्या बाजूने इथे एक चांगला मुद्दा आहे. तांब्याची मर्यादा दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे पॅलेडियमच्या तीसपट. लोखंडाची विषारीता इतकी कमी मानली जाते की त्यासाठी या तत्त्वांमध्ये वेगळी मर्यादाच दिलेली नाही. पण सगळेच मुबलक धातू सौम्य नसतात. कोबाल्टची मर्यादा ५० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे पॅलेडियमपेक्षाही कडक.

लोखंड इतकं स्वस्त आहे, तर आधीच का वापरलं नाही?

लोखंड, निकेल आणि तांबं रसायनशास्त्राला नवे नाहीत. खतांसाठी लागणारा अमोनिया शंभरहून अधिक वर्षं लोखंडाच्या उत्प्रेरकावरच तयार होतो. निकेलच्या मदतीने हायड्रोजन जोडण्याच्या पद्धतीसाठी पॉल साबातिए यांना १९१२ मध्येच नोबेल मिळालं. वनस्पती तुपाचा उद्योग त्यावरच उभा राहिला. तांब्याने कार्बनी कडी जोडणारी उलमान अभिक्रिया १९०१ ची आहे.

आपल्या शरीरातही हेच चालतं. यकृतात औषधांचं विघटन करणाऱ्या विकरांच्या एका मोठ्या गटाच्या केंद्रस्थानी लोखंडाचा अणू असतो. बी-१२ जीवनसत्त्वाच्या मध्यभागी कोबाल्ट असतं. निसर्गाने आपलं रसायनशास्त्र मुबलक धातूंवरच चालवलं आहे.

मग घोडं अडलं कुठे? ते अडलं इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीत.

पॅलेडियम सहसा दोन-दोन इलेक्ट्रॉनचा व्यवहार करतं. रासायनिक बंध दोन इलेक्ट्रॉनचाच असतो, त्यामुळे हिशेब चोख राहतो. लोखंड, कोबाल्ट आणि निकेल मात्र अनेकदा एका वेळी एकाच इलेक्ट्रॉनचा व्यवहार करतात. त्यातून अर्धवट, अस्वस्थ रेणू तयार होतात आणि ते भलत्याच कुणाशी जोडले जाऊ शकतात. औषधाच्या रेणूत नायट्रोजन, ऑक्सिजन, गंधक यांचे गट जागोजागी असतात. हे गट धातूला पकडून ठेवतात आणि त्याचं काम थांबवतात. शिवाय या धातूंचे बरेच उत्प्रेरक हवेतल्या ऑक्सिजनने किंवा दमटपणाने लगेच खराब होतात.

यावर उपाय म्हणजे धातूला 'लगाम' घालणं. धातूच्या अणूभोवती खास घडवलेले सेंद्रिय रेणू बांधले जातात. त्यांना लिगँड म्हणतात. कोणता रेणू जवळ येऊ द्यायचा, कोणत्या बाजूने येऊ द्यायचा आणि इलेक्ट्रॉन किती सैल सोडायचे, हे लिगँड ठरवतो. मुबलक धातूंच्या संशोधनातलं बरंचसं काम हे योग्य लगाम शोधण्याचंच आहे.

फिट्सच्या औषधाची गोष्ट

यातलं एक गाजलेलं उदाहरण म्हणजे लेव्हेटिरासेटम. अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या रुग्णांना हे औषध मोठ्या प्रमाणावर दिलं जातं. त्याच्या रेणूचेही दोन आरसा-प्रकार आहेत आणि औषध म्हणून त्यातला एकच चालतो.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातले पॉल चिरिक यांचा गट आणि मर्क कंपनीचे शास्त्रज्ञ यांनी मिळून ऱ्होडियमच्या जागी कोबाल्ट वापरून पाहिलं. ऱ्होडियम आणि कोबाल्ट आवर्त सारणीत एकाच स्तंभात, वर-खाली शेजारी आहेत. पण शेजारी असले तरी दोघांचे स्वभाव वेगळे.

कोबाल्टचे असे उत्प्रेरक फार नाजूक असतात, हवा आणि अल्कोहोलसारख्या द्रावकांपासून त्यांना लांब ठेवावं लागतं, असा समज होता. या गटाने थोडं जस्त मिसळलं. जस्ताने कोबाल्टला एक इलेक्ट्रॉन दिला आणि कोबाल्ट अशा स्वरूपात आलं, की मिथेनॉल या साध्या, उद्योगात सर्रास वापरल्या जाणाऱ्या द्रावकातही ते टिकून काम करू लागलं.

२०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. २०० ग्रॅम प्रमाणावर लेव्हेटिरासेटम तयार झालं आणि त्यासाठी कोबाल्टचं प्रमाण होतं ०.०८ टक्के. म्हणजे सुमारे १,२५० रेणूंमागे धातूचा फक्त एक अणू. इथे धातू स्वस्त होता, पण महत्त्व त्याहून वेगळ्या गोष्टीला होतं: स्वस्त धातूने महाग धातूइतक्याच कमी प्रमाणात काम केलं. कारण महाग धातूपेक्षा स्वस्त धातू पन्नासपट जास्त वापरावा लागला, तर फायद्याचा मोठा भाग तिथेच संपतो.

कारखान्यापर्यंत पोहोचलेली उदाहरणं

२०० ग्रॅम ही प्रयोगशाळेसाठी मोठी झेप असली, तरी कारखाना टनांत मोजतो. तिथेही मुबलक धातूंनी पाय रोवायला सुरुवात केली आहे.

रक्तदाबावरच्या 'सार्टन' वर्गातल्या अनेक औषधांमध्ये दोन कड्यांचा तोच सांगाडा असतो. फ्रान्समधल्या जेरार काहिए यांच्या गटाने या सांगाड्यासाठी लागणारा मूळ रेणू मँगनीज क्लोराइड या साध्या क्षाराच्या मदतीने मोठ्या प्रमाणावर बनवण्याची पद्धत दाखवून दिली. ना पॅलेडियम, ना महागडा लिगँड.

जेनेनटेक कंपनीने पिक्टिलिसिब या कर्करोगावरच्या प्रायोगिक औषधासाठी सुझुकी अभिक्रियेत पॅलेडियमऐवजी निकेल वापरलं. त्याचा एक अनपेक्षित फायदा झाला. पॅलेडियमचे अंश काढण्यासाठी खास शोषक पदार्थ आणि जादा पायऱ्या लागत होत्या. निकेल मात्र त्या मानाने सहज निघून गेलं. म्हणजे बचत धातूच्या किमतीपेक्षा शुद्धीकरणात जास्त झाली.

निकेलची हवेत खराब होण्याची अडचणही कमी होते आहे. पूर्वी निकेलचा एक नेहमीचा उत्प्रेरक हवाबंद पेटीतच हाताळावा लागे. २०२० मध्ये जर्मनीतल्या म्युलहाइम इथल्या माक्स प्लँक संस्थेत जोसेप कॉर्नेला यांच्या गटाने आणि अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेत किरी एंगल यांच्या गटाने, हवेत उघडे ठेवले तरी टिकणारे निकेलचे संयुग वेगवेगळ्या मार्गांनी तयार केले. उघड्या टेबलावर वजन करता येणारा उत्प्रेरक कारखान्यातल्या माणसाला किती सोयीचा असतो, हे वेगळं सांगायला नको.

श्रेय नेमकं कोणाचं? एक सावध करणारी गोष्ट

या क्षेत्रात एक मोठा सापळाही आहे. 'महाग धातूशिवाय अभिक्रिया झाली' असा दावा करण्याआधी तो महाग धातू खरंच तिथे नव्हता ना, हे तपासावं लागतं.

२००३ मध्ये निकोलस लेडबीटर यांच्या गटाने धातूशिवाय सुझुकी अभिक्रिया होत असल्याचं सांगितलं. पुढे त्यांनीच कसून तपासणी केली, तेव्हा कळलं की वापरलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये, म्हणजे धुण्याच्या सोड्यात, पॅलेडियमचे अंश होते. प्रमाण किती? एक अब्ज भागांत ५० भाग. एवढ्यानेही अभिक्रिया घडत होती. २००५ मध्ये त्यांनी हे स्वतःच प्रसिद्ध केलं.

लोखंडाच्या बाबतीतही असंच घडलं. लोखंडाच्या क्लोराइडने होणाऱ्या काही अभिक्रियांचं श्रेय लोखंडाला दिलं गेलं होतं. २००९ मध्ये स्टीफन बुकवाल्ड आणि कार्स्टन बोल्म यांनी दाखवून दिलं, की लोखंडाची बाटली बदलली की निकाल बदलतो. कारण त्यातल्या काही अभिक्रियांमध्ये खरं काम लोखंडात भेसळ म्हणून आलेलं सूक्ष्म प्रमाणातलं तांबं करत असण्याची शक्यता होती.

तरीही चूक पुन्हा झाली. २०२१ मध्ये धातूशिवाय सुझुकी अभिक्रिया केल्याचा एक शोधनिबंध एका नामांकित नियतकालिकात आला. इतर गटांनी तपासल्यावर लक्षात आलं, की त्यातला 'धातूविरहित' उत्प्रेरक तयार करतानाच पॅलेडियम वापरलं होतं आणि त्याचे अंश मागे राहिले होते. तो शोधनिबंध मागे घेण्यात आला.

म्हणून 'चमत्कारी स्वस्त उत्प्रेरक सापडला' अशी बातमी दिसली, तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: दुसऱ्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या बाटलीतलं रसायन वापरून हे पुन्हा जमलं का?

स्वस्त म्हणजे हिरवं असतंच का?

नाही. किमान आपोआप तरी नाही.

लोखंडाचंच घ्या. पॅरासिटामॉलसाठी लागणारा एक मध्यवर्ती रेणू पूर्वापार लोखंडाचा कीस आणि आम्ल वापरून बनवला जायचा. लोखंड स्वस्त आणि बिनविषारी, पण इथे ते उत्प्रेरक नव्हतं. ते स्वतःच खर्च होत होतं. परिणामी लोखंडाच्या गाळाचे ढीग साचायचे. मध्यस्थ एकदाच लागतो, पण इथे प्रत्येक लग्नाला नवा मध्यस्थ आणि लग्नानंतर तो कचऱ्यात, असा प्रकार होता. उत्प्रेरक वापरून हायड्रोजन जोडण्याची पद्धत आली, तेव्हा हा गाळ टळला.

दुसरा मुद्दा खाणींचा. जगातलं सुमारे ७० टक्के कोबाल्ट काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतं. तिथल्या छोट्या खाणींमधली बालमजुरी आणि असुरक्षित काम यांवर वारंवार टीका झाली आहे. निकेलच्या खाणकामात इंडोनेशिया सर्वात पुढे आहे आणि तिथल्या जंगलतोडीचा प्रश्न गंभीर आहे. औषध उद्योगाला लागणारं निकेल-कोबाल्ट बॅटरी उद्योगाच्या तुलनेत नगण्य आहे, हे खरं. पण 'मुबलक' या शब्दाचा अर्थ 'निर्दोष' असा होत नाही.

तिसरा मुद्दा थोडा उलटा आहे. पॅलेडियम महाग असतं, म्हणून कारखाने ते जपून परत मिळवतात आणि शुद्ध करून पुन्हा वापरतात. निकेल स्वस्त असतं, म्हणून त्यासाठी एवढी खटपट करायला कुणी तयार नसतं. मग ते सांडपाण्यात किंवा घातक कचऱ्यात जातं. शिवाय निकेलची अनेकांना ॲलर्जी असते आणि त्याची काही संयुगं अत्यंत विषारी असतात.

आणि चौथा, बहुधा सर्वात महत्त्वाचा मुद्दा: द्रावक. औषधनिर्मितीच्या कचऱ्यात धातूचा वाटा छोटा असतो, मोठा वाटा द्रावकांचा असतो. एखाद्या पद्धतीत पॅलेडियमऐवजी निकेल वापरलं, पण त्यासाठी दुप्पट द्रावक आणि जास्त तापमान लागलं, तर पर्यावरणाचा फायदा होण्याऐवजी तोटाच होऊ शकतो. म्हणून धातूची अदलाबदल एकटी पाहून चालत नाही, सगळ्या पायऱ्यांचा एकत्र हिशेब मांडावा लागतो.

दुसरे मार्गही आहेत

म्हणूनच काही शास्त्रज्ञ वेगळ्या वाटा चोखाळत आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठातले ब्रूस लिपशुट्झ यांनी साबणासारखे पदार्थ पाण्यात मिसळून त्यातच अभिक्रिया घडवण्याची पद्धत विकसित केली. सेंद्रिय द्रावक वाचतो आणि पॅलेडियमही दहा लाखांत काही भाग इतकंच लागतं. म्हणजे पॅलेडियम सोडायचं नाही, पण चिमटीने वापरायचं.

दुसरी वाट विकरांची. मधुमेहावरचं सिटाग्लिप्टिन हे औषध आधी ऱ्होडियमच्या मदतीने बनायचं. मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी त्याजागी प्रयोगशाळेत सुधारलेलं विकर आणलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उत्पादन १० ते १३ टक्क्यांनी वाढलं, एकूण कचरा १९ टक्क्यांनी घटला आणि जड धातूंची गरजच उरली नाही.

महाराष्ट्राचा याच्याशी काय संबंध?

भारत जेनेरिक औषधांचा जगातला मोठा पुरवठादार आहे. लोसार्टन, लेव्हेटिरासेटम, पॅरासिटामॉल, सिटाग्लिप्टिन ही सगळी औषधं इथे बनतात आणि विकली जातात. महाराष्ट्रात तारापूर, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ, पाताळगंगा अशा औद्योगिक वसाहतींमध्ये औषधांचा कच्चा माल आणि रसायनं तयार करणारे कारखाने आहेत. रासायनिक सांडपाणी नदी-खाडीत जाण्याचा प्रश्न या भागांतल्या शेतकऱ्यांना आणि मच्छीमारांना नवा नाही. त्यामुळे एक किलो औषधामागे किती कचरा निघतो, हा इथे फक्त पुस्तकातला आकडा नसतो.

संशोधनाच्या बाजूनेही महाराष्ट्र यात आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, निकेल, कोबाल्ट, मँगनीज यांसारख्या धातूंचे उत्प्रेरक घडवण्यावर काम झालं आहे.

भारताकडे पॅलेडियमच्या मोठ्या खाणी नाहीत, ते आयातच करावं लागतं. लोखंड आणि मँगनीज मात्र इथल्या मातीत आहे. विदर्भात भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांत मँगनीजच्या जुन्या खाणी आहेत. उत्प्रेरकासाठी लागणारं प्रमाण किरकोळ असल्याने त्यातून खाण उद्योगाला फार काही मिळणार नाही. पण युद्ध कुठेही पेटलं तरी औषधाची एखादी पायरी धातूवाचून अडणार नाही, हा फायदा लहान नाही.

मग गोळ्या स्वस्त होतील का?

लगेच नाही. औषधाच्या किमतीत उत्प्रेरकाचा वाटा सहसा छोटा असतो. शिवाय आधीच मंजूर झालेल्या औषधाची निर्मिती पद्धत बदलायची, तर नव्याने चाचण्या कराव्या लागतात, अशुद्धी तपासाव्या लागतात आणि नियामकांची परवानगी घ्यावी लागते. म्हणून कंपन्या जुन्या औषधाची पद्धत बदलण्यापेक्षा नव्या औषधासाठी सुरुवातीपासूनच निकेल किंवा कोबाल्टचा विचार करणं पसंत करतात. बदल होईल तो असा, एकेका औषधाने, एकेका पायरीने.

पॅलेडियम उद्या कारखान्यातून हद्दपार होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. जिथे ते फार कमी प्रमाणात लागतं आणि पुन्हा वापरता येतं, तिथे ते राहील. जिथे निकेल, कोबाल्ट, मँगनीज किंवा लोखंड तितकंच चोख काम करेल, तिथे ते येतील. आणि जिथे विकर सरस ठरेल, तिथे धातूच लागणार नाही.

रुग्णाच्या हातात पडणारी गोळी तीच असेल. फरक पडेल तो तिच्यामागे खणलेल्या डोंगरात, कारखान्याबाहेर सोडलेल्या पाण्यात आणि जगात कुठेतरी युद्ध झालं तरी ती गोळी औषधाच्या दुकानात मिळेल की नाही, या प्रश्नाच्या उत्तरात.